‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’चा?

गावाला निघालेला एक शेतकरी आपल्या सालदाराला सांगतो, “मृगाचा पाऊस चांगला झाला तर, विहिरीला पाणी असलं तर केळी लाव, नाहीतर ज्वारी पेर.” सालदार मान हलवतो, शेतकरी एस्‌टीत बसतो आणि कामे होतात. आपल्या यावल तालुक्यात अशी वाक्ये दररोज बोलली जातात आणि ती कोणालाही अडत नाहीत.

परंतु हे वाक्य जरा थांबून पाहावे. यात ‘तर’ दोन आहेत आणि ‘नाहीतर’ एकच आहे. हा ‘नाहीतर’ कोणाचा? तो दुसऱ्या ‘तर’चा असेल, तर पाऊस झाला पण विहिरीला पाणी नसले म्हणजे ज्वारी पेरायची, पाऊसच झाला नाही तर काय करायचे, याबद्दल मालक काही बोललेलाच नाही. तो पहिल्या ‘तर’चा असेल, तर पाऊस झाला नाही म्हणजे ज्वारी पेरायची. शब्द तेच, क्रमही तोच. अर्थ मात्र दोन. सालदार गोंधळत नाही, कारण पावसावाचून कोरडवाहू ज्वारीही पेरता येत नाही, हे त्याला ठाऊक असते. त्याने वाक्याची फोड व्याकरणाने केली नाही, शेतीच्या ज्ञानाने केली.

आता हेच वाक्य यंत्राला सांगायचे आहे असे समजा. यंत्राला शेत नाही, विहीर नाही, मृग नक्षत्रही नाही. त्याच्याजवळ एकच गोष्ट आहे, ती म्हणजे व्याकरण. आणि नेमका हाच प्रश्न संगणकाच्या भाषा तयार करणाऱ्या विद्वानांपुढे उभा राहिला होता. १९६० साली ‘अल्गोल ६०’ या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले, तेव्हा हा निराधार ‘नाहीतर’ कोणाच्या घरी पाठवायचा यावर बराच खल झाला. पुढे आलेल्या ‘सी’ भाषेने एक सरळ नियम करून टाकला : ‘नाहीतर’ नेहमी सर्वांत जवळच्या, अजून जोडीदार न मिळालेल्या ‘जर-तर’चा. शेत कोणाचे, पीक कोणते, याची चौकशी नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे सारे सांगण्याचे कारण असे की, व्याकरणाचा तास हा कला शाखेतील सर्वांत नकोसा तास समजला जातो. ‘उद्देश्य, विधेय, विधेयविस्तार हे सगळे घोकून पुढे नोकरी मिळणार आहे का?’ हा प्रश्न आपण एकमेकांना विचारतो आणि संगणक ही शेजारच्या इमारतीतील, विज्ञान शाखेची मालमत्ता आहे असे मानून गप्प बसतो. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. संगणकाला दिलेला कार्यक्रम प्रथम ज्या पायरीवरून जातो, ती पायरी म्हणजे शुद्ध वाक्यपृथक्करण आहे. ते काम आपले होते. आपण ते सोडून दिले आणि वर स्वतःला कमी लेखत बसलो.

ही पायरी कशी असते ते थोडक्यात सांगतो. माणूस कार्यक्रम लिहितो तो अक्षरांत. यंत्राला कळतात त्या केवळ आकड्यांतील आज्ञा. या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमाला कंपायलर म्हणतात. १९५७ साली जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आय.बी.एम. कंपनीत ‘फोरट्रान’ भाषेचा कंपायलर पूर्ण केला आणि माणसाने सूत्रांच्या भाषेत लिहावे व यंत्राने ते स्वतःच्या भाषेत करून घ्यावे, हा मार्ग रूढ झाला. कंपायलरचे दोन भाग असतात. मागचा भाग यंत्राची भाषा बोलतो. पुढचा भाग माणसाने लिहिलेले वाचतो. आपल्याला कर्तव्य आहे ते या पुढच्या भागाशी.

हा पुढचा भाग आधी अक्षरे जुळवून शब्द वेगळे करतो : हे नाव, हा आकडा, हे बेरजेचे चिन्ह, हा अर्धविराम. आपण वाक्यातील पदे वेगळी करतो तेच हे. नंतर तो पदांचे एकमेकांशी नाते ठरवतो आणि त्या नात्याचे एक झाड तयार करतो. ‘२ + ३ × ४’ असे लिहिले तर झाडाच्या शेंड्याशी बेरीज बसते. तिच्या एका फांदीवर २ आणि दुसऱ्या फांदीवर गुणाकार. गुणाकाराच्या खाली ३ व ४. म्हणून उत्तर १४ येते, २० येत नाही. कोणते काम आधी करायचे ते झाडाच्या आकारातच लिहिलेले असते. कंस घालण्याची गरज उरत नाही.

वाक्यांचेही असेच झाड होते. ‘जर-तर-नाहीतर’ हे तीन फांद्यांचे झाड : पहिली फांदी अट, दुसरी फांदी अट खरी असता करावयाचे काम, तिसरी फांदी अट खोटी असता करावयाचे काम. तिसरी फांदी नसली तरी चालते. आपल्या मिश्र वाक्याची ओळख पटली का? अट हे गौण वाक्य, काम हे प्रधान वाक्य. एकापुढे एक येणारी, स्वतंत्र आणि समान दर्जाची वाक्ये म्हणजे संयुक्त वाक्य. आणि एकटे, अर्धविरामाने संपणारे विधान म्हणजे केवल वाक्य. शाळेत शिकलेले हे तीन प्रकार आठवले, तर या विषयाचा निम्मा भाग आपल्याला आधीच येतो असे म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न असा की, यंत्र डावीकडून उजवीकडे एकेक पद वाचत जाते. मग पुढे काय येणार हे माहीत नसताना झाड उभे कसे राहते? येथे एक सोपी युक्ती आहे. पंगतीच्या वेळी ताटांची चवड लावलेली असते. सर्वांत वरचे ताट आधी उचलायचे. कंपायलरही अशीच एक चवड ठेवतो. महिरपी कंस उघडला की तो एक नवी कोरी यादी चवडीवर ठेवतो. यानंतर जे जे वाक्य पूर्ण होईल, ते या वरच्या यादीच्या शेवटी जोडतो. मध्येच आणखी एक कंस उघडला तर आणखी एक कोरी यादी वर येते. कंस बंद झाला की वरची यादी उचलायची, तिची मिळून एकच फांदी करायची आणि ती खालच्या यादीला जोडायची. ‘जर’ला आपले ‘तर’ मिळाले की तो किंचित पुढे डोकावून पाहतो : लगेच ‘नाहीतर’ आहे काय? असल्यास ते आपले. नसल्यास आपण पूर्ण झालो. म्हणूनच ‘नाहीतर’ जवळच्याला मिळतो, कारण चवडीत सर्वांत वर तोच असतो. नियम आणि युक्ती एकमेकांत अशी बसलेली आहेत.

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीसीसी’ हा कंपायलर खुला केला. त्याच्या जुन्या आवृत्त्या एक वाक्य वाचून झाले की लगेच त्याची यंत्राच्या जवळची रूपे करून टाकीत आणि त्याचे झाड सोडून देत. पुढे ही पद्धत बदलली. आता एका कार्याची सगळी वाक्ये आधी झाडाच्या रूपाने जपली जातात, सबंध झाडाचा विचार होतो आणि मगच पुढचे लिखाण होते. एकेका वाक्याकडे पाहून जे दिसत नाही, ते पूर्ण परिच्छेद समोर असला की दिसते, हा अनुभव निबंध तपासणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना नवा नसावा.

यावलकरांना या ठिकाणी एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्या गावच्या व्यास मंदिरात गुरुपौर्णिमेला दुरून माणसे येतात. त्या व्यासांची आणि गणपतीची कथा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. लेखणी थांबता कामा नये, अशी गणपतीची अट. आणि अर्थ समजल्यावाचून एक अक्षरही लिहायचे नाही, अशी व्यासांची उलट अट. म्हणून व्यास मधूनमधून गाठ घातलेला श्लोक सांगत आणि लेखक विचारात पडला की तेवढ्यात पुढची रचना करून घेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत ही कथा नाही. ती नंतरची भर ठरली आहे. असो. कथा नंतरची असली तरी तिच्यातला विचार मोलाचा आहे. ऐकणे, समजून घेणे आणि मग लिहिणे हा क्रम कंपायलरलाही चुकत नाही. आपण मात्र परीक्षेत समजण्याआधी लिहितो.

परंतु येथेच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कंपायलरला ‘समजते’ असे आपण म्हणतो, ते मर्यादित अर्थाने. ‘मुलगा गेली’ हे वाक्य त्याला खटकेल. कारण कर्त्याचे लिंग आणि क्रियापदाचे रूप जुळत नाही. आकडा मागितला असता तेथे नाव दिले तर तो असाच अडतो. पण ‘दगड हसला’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. सालदाराला सांगितले, “पाऊस उघडला तर, गाडी आली तर घड काप, नाहीतर घरी थांब”, तर पाऊस सुरू असतानाही तो घरीच थांबेल. कारण मालकाच्या मनात काय आहे ते त्याने ओळखलेले असते. कंपायलर ओळखणार नाही. तो ‘नाहीतर’ गाडीला जोडेल, आणि पाऊस चालू असताना काय करायचे यावर मौन पाळेल. लिहिणाऱ्याने ओळी कितीही नीट मागेपुढे मांडल्या, तरी ‘सी’चा कंपायलर मोकळ्या जागेकडे पाहत नाही, तेथे कंसच घालावा लागतो. म्हणजे आपल्याला काय म्हणायचे आहे ते नेमके ठरवणे आणि त्याला एकच अर्थ राहील असे लिहिणे, ही जबाबदारी शेवटी माणसावरच येते. ही जबाबदारी पेलायला शिकवणारा विषय कोणता? माझ्या मते भाषा.

महाराष्ट्राला हे काही परके नाही. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांना मराठीचे पाणिनी म्हटले गेले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. त्या कामाचे धुरीण आर. नरसिंहन यांनी पुढे चित्रांचेही व्याकरण लिहिता येते, या विचारावर संशोधन केले. पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. ढमढेरे यांनी कंपायलर रचनेवर लिहिलेली पाठ्यपुस्तके देशभरच्या विद्यार्थ्यांनी वापरली. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र चालले. दामल्यांचे व्याकरण आणि पवईतील हा अभ्यास या दोन गोष्टी एकाच वर्गात, एकाच फळ्यावर कोणी शेजारी मांडल्या तर विद्यार्थ्यांना केवढा आधार मिळेल! आपल्याकडे मात्र दामले एका कपाटात आणि संगणक दुसऱ्या कुलपात.

हे बोलू लागले की लगेच कोणीतरी म्हणते, ‘नासाने सिद्ध केले आहे की संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा आहे.’ या वाक्याचा फार कंटाळा आला आहे. १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला हे खरे. संस्कृत शास्त्रकारांची अर्थ उलगडण्याची पद्धत आणि यंत्रात ज्ञान साठवण्याची पद्धत यांत त्याला साम्य दिसले. कार्यक्रम संस्कृतात लिहावेत असे त्याने काही सिद्ध केले नव्हते. त्याहून भरीव गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. अल्गोलचे नियम ज्या लेखनपद्धतीत मांडले गेले, तिच्याशी मिळतीजुळती पद्धत पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत वापरली होती. म्हणून तिला पाणिनीचेही नाव द्यावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली. अभिमान बाळगायचा तर पद्धतीचा बाळगावा. पण सूत्र स्वतः सोडवून पाहिल्यावाचून नुसता अभिमान बाळगणे हा आळसाचाच एक प्रकार आहे.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. आपल्या वर्गात घरी लेवा बोली बोलणारे आहेत, अहिराणी बोलणारे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारे तडवी आणि पावरा मित्र आहेत. कोणी ‘केळी’ला ‘केयी’ म्हटले की वर्गात हशा पिकतो आणि बोलणारा पुढच्या वेळी हात वर करीत नाही. मित्रांनो, ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा उच्चाराचा निष्काळजीपणा नव्हे. केळीची केयी होते तशीच डोळ्याचा डोया होतो. तो नियम आहे. कंपायलरकडून शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. ‘पास्कल’ नावाच्या भाषेत ‘नाहीतर’च्या आधी अर्धविराम टाकला तर चूक, ‘सी’ भाषेत साध्या विधानानंतर तो टाकला नाही तर चूक. चिन्ह तेच, जागा तीच. म्हणून पास्कल शुद्ध आणि सी अशुद्ध असे कोणी म्हणत नाही. व्याकरणे दोन आहेत, एवढेच म्हणतात. जे यंत्राच्या भाषांना लागू, ते माणसांच्या बोलींना लागू करायला आपल्याला लाज का वाटावी? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या कविता इतरांनी टिपून ठेवल्या आणि त्या १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. विद्यापीठाच्या फलकावर बहिणाबाई आणि वर्गात त्यांच्या बोलीला हसू, या दोन गोष्टी एकत्र नांदू नयेत.

आक्षेप घेतले जातील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप असा की, हे सारे इंग्रजीत आहे, आपल्याला कसे जमणार? अडचण खरी आहे. कंपायलर चूक दाखवतो तीही इंग्रजीतच. परंतु २००८ साली आलेल्या पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कार्यक्रमातील नावे देवनागरीत देता येतात. ‘केळी’ आणि ‘ज्वारी’ अशी नावे ठेवून कार्यक्रम चालतो. बीजशब्द मात्र इंग्रजी राहतात आणि थेट लिहिलेला ‘१२’ हा देवनागरी आकडाही ती घेत नाही. बीजशब्द मोजकेच आहेत, बाराखडीपेक्षा कमी. आणि झाडाला भाषा नसते. ‘जर’ मराठीत लिहिला काय किंवा इंग्रजीत लिहिला काय, त्याच्या फांद्या तीनच.

दुसरा आक्षेप असा की, एवढे शिकून आपण कंपायलर तयार करणार आहोत का? बहुतेक जण नाही. पण व्यायामशाळेत जाणारा प्रत्येक जण हिंदकेसरी होतो असेही नाही. करारपत्र, शासनाचा आदेश, विम्याची अट, बँकेचा कागद यांत ‘नाहीतर’ कोणाचा, हे ओळखता आले तर आपण फसणार नाही आणि कोणाला फसवणारही नाही. अर्ज लिहिणाऱ्या, पंचायतीत ठराव मांडणाऱ्या, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या माणसाला याचीच गरज असते. कला शाखेतून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या नशिबी हेच कागद येणार आहेत.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत आणि पैशांच्या नाहीत. एक, व्याकरणाचे तास कमी करू नयेत. दोन, भाषाविज्ञान शिकवताना एखादा आठवडा संगणकाच्या व्याकरणाला द्यावा आणि त्यासाठी शेजारच्या शाखेतील प्राध्यापकांना बोलवावे. त्या बदल्यात आपल्या प्राध्यापकांनी तिकडे जाऊन वाक्यपृथक्करण शिकवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांच्या भिंती ओलांडण्याची भाषा आहे. ती आपण खरी करून दाखवू. तीन, प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीतील दहा वाक्ये लिहून आणावीत आणि त्यांची झाडे काढावीत. यासाठी संगणकही लागत नाही. खडू आणि फळा पुरेसा आहे.

आणि शेतावर जाणाऱ्या मित्रांना एक विनंती. वडिलांनी पुढच्या वेळी काही सांगितले, तर त्यात ‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’चा आहे ते हळूच विचारून घ्या. ते क्षणभर रागावतील, मग विचार करतील, आणि बहुधा वाक्य दोन तुकडे करून पुन्हा सांगतील. तेवढे झाले की व्याकरणाच्या तासाचा उपयोग काय, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.